पलीकडच्या काठावरची फटाकडी

९ नोव्हेंबर, रविवार

पक्षी-स्पर्धेचा अर्ज भरला! दिवसभरात जास्त जाती मोजेल ती टीम जिंकते. मी, हवालदार आणि डॉक्टर. चौथी ओळ रिकामी सोडली. अर्ज घेणारा म्हणाला, "मॅडम, चौथ्या?" म्हटलं, "चौथ्या नाहीत." त्याने पुढे काही विचारलं नाही. शहाणा आहे.

बावीस वर्षं त्या ओळीत ताईचं नाव होतं.

११ नोव्हेंबर

सकाळपासून लॅबमध्ये तीन कवळ्या पूर्ण केल्या, चौथीचं मेण बिघडवलं. लक्षच नव्हतं. डोक्यात सारखी मागच्या वर्षीची स्पर्धा.

सूर्यास्ताला चार मिनिटं बाकी. दुसऱ्या टीमच्या बरोबरीला यायला एकच पक्षी हवा होता. आणि खडकावर कालवफोड्या! काळी पाठ, पांढरं पोट, चोच गाजरासारखी. मी पाहिला. स्वच्छ पाहिला. पण टीममधल्या दोघांनी पाहिला किंवा ऐकला तरच मोजायचा, असा नियम. ताई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी, दुर्बीण डोळ्याला.

"पाहिलास ना?"

"नाही."

"अगं तो काय—"

"मला नाही दिसला. न पाहिलेला पाहिला म्हणणार नाही मी."

पक्षी उडून गेला. एकाने हरलो. मी म्हटलं, सख्ख्या बहिणीवर विश्वास नाही तुझा? ती म्हणाली, विश्वासाचा प्रश्न नाही, दिसण्याचा आहे. शाळेत भूगोल शिकवायची तेव्हा पोरांशी बोलायची त्याच आवाजात! येताना गाडीत कोणी बोललं नाही. मग आठवडाभर नाही. मग महिना. आता वर्ष होत आलं.

मला कप नकोय. (खोटं. हवाय.) पण त्याहून जास्त हे हवंय, की ताईने एकदा फोन करावा. मी करणार नाही. चूक तिची आहे, तिने करावा.

१४ नोव्हेंबर

ताईने स्वतःची टीम काढली! ती, तिच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई आणि लायब्ररीच्या बाई. गाडी चालवायला भावजी. बातमी यांनीच आणली. यांना कुणी सांगितली? "असंच कळलं," म्हणे. नवरे मंडळी आपापसात बोलतात, हे मला माहीत आहे. दोघं जोडीने केस कापायला जातात आणि घरी येऊन भेट झालीच नाही म्हणतात.

आणखी एक ऐकलं. ताईने वरची दाढ दुसऱ्या लॅबमधून बसवून घेतली. माझी लॅब तिच्या घरापासून चार मिनिटांवर! शिवाय रंगाची छटा चुकलीय म्हणे. दोन नंबर पिवळी. मला आनंद झाला, मग आनंद झाल्याचं वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर

फोन वाजला. हात प्लास्टरने भरलेले, तसेच पुसून धावले. प्लास्टरवाल्याचाच होता.

२२ नोव्हेंबर

नवे नियम आले. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही. तोंडाने शिट्टी घातलेली चालेल. शिट्टी! आमच्या तिघांत शिट्टी फक्त मला येते, आणि तीही बेताचीच. (हवालदारांची शिट्टी धातूची, ती ऐकून पक्षी जिल्हा सोडतात.) दुपारभर लॅबमध्ये सराव केला. फटाकडीची शिट्टी जरा बरी जमली. फटाकडी म्हणजे लव्हाळ्यात लपून राहणारी एवढीशी पाणकोंबडी. असते म्हणतात. बावीस वर्षांत मला एकदाही दिसलेली नाही.

शिट्टी ऐकून समोरच्या सायकलच्या दुकानातला कुत्रा आला आणि टेबलाखाली बसून राहिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या! दुर्बिणी पुसल्या. अंडी उकडली. यांना ताकीद दिली, तुम्ही ड्रायव्हर, टीममध्ये नाही, पक्षी दाखवायचा नाही. बाहेरच्या माणसाने दाखवलेला पक्षी धरत नाहीत. "मला कुठे काय कळतं त्यातलं," म्हणाले. तेच तर. यांना काही कळत नाही आणि सगळं दिसतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आत्ता घरी आलो. पायांतले बूटही काढले नाहीत, आधी लिहून काढते.

साडेपाचला हवालदार दारात. शिट्टी फुंकूनच उठवलं, मला आणि गल्लीला. ट्रॅफिकमधून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हात अजून हवेतच. पक्षी डावीकडे असला की डावा हात आडवा. उजवीकडे असला की उजवा. उडाला की दोन्ही हात वर, हे मात्र खात्याने शिकवलेलं नाही, त्यांनी स्वतः काढलंय. डॉक्टर गाडीत बसता बसताच म्हणाले, "तो कावळा लंगडतोय." आमचे डॉक्टर गुरांचे. पक्षी दिसला की आधी त्याची तब्येत बघतात, मग जात.

पहिली जात कावळा. पंधरा मिनिटांत अकरा! मग हे म्हणाले—

"ते बघ, खांबावर काहीतरी निळं बसलंय."

खंड्या! सगळ्यांचे चेहरे पडले. बाहेरच्याने दाखवला, संपलं. हवालदारांनी हुकूम सोडला, "सगळ्यांनी पाठ फिरवा. शंभर मोजा. मग वळून स्वतःहून बघा." तीन मोठी माणसं समुद्राकडे तोंड करून शंभर मोजतायत! डॉक्टर साठावर चुकले, पुन्हा पन्नासपासून सुरू केलं. वळलो तर खांब रिकामा.

मी यांच्यावर अशी उखडले! "आता दिवसभर तोंड उघडायचं नाही. काही दिसलं तरी नाही."

"काहीही?"

"काहीही!"

तीनदा बजावलं. यांनी गाडीतलं वर्तमानपत्र उघडलं आणि त्यात शिरले. खंड्या पुढे पुलाखाली मिळाला, आमचा आम्हाला.

मासळीच्या बंदरावर कुरव या समुद्रपक्ष्यांचा हा एवढा थवा. पण मधून ट्रक जातायत, पक्षी उठतात, बसतात, पायांचा रंग दिसेना. हवालदारांचा हात आपोआप वर गेला. आणि ट्रक थांबले! दोन ट्रक, एक टेम्पो, बर्फाची हातगाडी. डॉक्टर निवांत पाय बघतायत — "पिवळे... पिवळे... या पायाला सूज आहे..." — आणि रांग वाढतेय. एका ड्रायव्हरने निमूटपणे लायसन्स काढून पुढे धरलं. हवालदारांनी बघितलंही! "संपत आलंय," म्हणाले त्याला. "नवं करून घ्या." त्या एका चौकात तीन जाती झाल्या.

मिठागराजवळ वीस मिनिटं वाया. पांढराशुभ्र बगळा, जरा वेगळा वाटला, हलेना. डॉक्टर म्हणाले, थंडीने आखडलाय, जवळ जाऊन बघायला पाहिजे. चिखलातून गुडघाभर जाऊन बघितलं. खताची पिशवी होती. परत येताना डॉक्टरांचा एक बूट चिखलातच राहिला. त्यांनी जाऊ दे म्हटलं. उरलेला दिवस एका पायात बूट, दुसऱ्यात हवालदारांची प्लास्टिकची पिशवी. ती चालताना अशी फडफडायची, की मी दोनदा दुर्बीण लावली.

उभ्याउभ्याच ब्रेड आणि अंडी खाल्ली. अंडं सोलताना डॉक्टर सारखे इकडेतिकडे बघत होते. "आज नको वाटतं," म्हणाले. तरी तीन खाल्ली.

चारला पाच कमी. त्र्याण्णव झालेले. खाडीच्या तोंडाशी रस्ता संपतो. पुढे डोक्यावर जाईल एवढं लव्हाळं, मग पाणी, पलीकडच्या काठावर पुन्हा तसंच लव्हाळं. वारा पडलेला. काही हलत नाही, काही बोलत नाही. हवालदार म्हणाले, चला, इथे काही नाही. म्हटलं, एक शिट्टी घालून बघते. घातली. फटाकडीची. आपली उगीच.

काही नाही. दुसरी घातली.

आणि पलीकडून उत्तर आलं!

डॉक्टरांनी माझा दंड धरला. हवालदारांचे दोन्ही हात वर गेले, मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, एक खाली आला आणि त्यांनी सॅल्यूट ठोकला. मी पुन्हा घातली. पुन्हा उत्तर. काय तो सूर! एकही श्वास चुकत नाही. मी एक घातली की पलीकडून एक. दोन घातल्या की दोन. मध्ये मला ठसका आला, अर्धीच वाजली, तर पलीकडूनही अर्धीच! डॉक्टर म्हणाले, "फार हुशार जात आहे."

तिघांनी ऐकली, यादीत चढली. चौऱ्याण्णव. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला शिट्टी सोडवेना. हवालदार घड्याळ दाखवतायत — "मॅडम, अजून सूर्य आहे, पुढे खडक बाकी आहेत" — आणि मी आपली उभी. खरं सांगायचं तर सारखं वाटत होतं, ताई इथे हवी होती. हा आवाज तिने ऐकायला हवा होता. आमच्यात कान तिचाच तयार. एकदा तर मान वळवून "ऐकतेयस ना?" म्हणणार होते, शेजारी डॉक्टर होते.

चाळीस मिनिटं! मी दमले नाही, पलीकडचा पक्षी दमला नाही. मध्ये एकदा यांनी गाडीच्या खिडकीतून डोकं काढलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. डोकं आत गेलं. शेवटी हवालदारांनी धातूची शिट्टी फुंकली आणि पलीकडचं सगळं एकदम गप्प झालं. मला त्यांचा इतका राग आला, की खडकांपर्यंत बोलले नाही.

खडकांवर तुतवार मिळाला. पंचाण्णव. कालवफोड्या नव्हता.

१ डिसेंबर

ओठ सुजलेत. गिऱ्हाइकाशी बोलताना मधेच शिट्टी येते.

३ डिसेंबर

परीक्षकांचा फोन. आम्ही पंचाण्णव. बँकवाल्यांची टीम चौऱ्याण्णव. आणि ताईची टीम — पंचाण्णव!

बरोबरी! म्हणजे कप दोघींना. म्हणजे एकाच स्टेजवर. म्हणजे तिला माझ्या शेजारी उभं राहावं लागणार, फोटो काढणारा "जरा जवळ सरका" म्हणणार, आणि ती काहीतरी बोलणारच. निदान "सरक" तरी.

पण एक फाटा फुटलाय. दोन्ही याद्यांत फटाकडी आहे. एवढा दुर्मीळ पक्षी एकाच दिवशी दोघांना कसा, म्हणून परीक्षकांनी दोन्ही टीमकडून वर्णन लिहून घेतलंय. आणि नियमाप्रमाणे आम्हाला तिची यादी, तिला आमची. हरकत असेल तर तीन दिवसांत कळवा. डॉक्टरांनी आमचं वर्णन आधीच दिलंय. "पक्षी निरोगी, श्वास उत्तम, स्वभावाने थोडा हट्टी."

४ डिसेंबर

कागद आले. ताईच्या टीमचं वर्णन लायब्ररीच्या बाईंनी लिहिलंय, टपोऱ्या अक्षरात. इथे उतरवून ठेवते.

"वेळ ४.०० ते ४.४०. खाडीच्या उत्तर काठावरून आवाज. कापरा. शेवटचा सूर फाटका, त्यातून हवा गळल्यासारखी वाटते. पक्षी बहुधा मादी, उतारवयाची, आजारी असावी."

दोनदा वाचलं. चार ते चार चाळीस. उत्तर काठावर आम्ही होतो. आम्हीच होतो!

उठून आरशात बघितलं. माझ्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे. तीस वर्षं लोकांचे दात करतेय, स्वतःची फट बुजवायला वेळ झाला नाही. त्या फटीतून हवा गळते.

मादी, उतारवयाची, आजारी. मी!

मग आमची फटाकडी कोण? ड्रॉइंगच्या बाईंना शिट्टी येत नाही. लायब्ररीच्या बाई जन्मात कधी मोठ्याने बोलल्या नाहीत. तसा स्वच्छ सूर एकाच माणसाचा. अरे देवा. चाळीस मिनिटं!

यांना जाऊन सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "माहितीय."

"काय माहितीय?"

"पलीकडे भावजींची गाडी होती. त्यांनी हात केला, मीही केला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काहीही दिसलं तरी गप्प बसायचं होतं ना. तीनदा म्हणालीस."

 मला हसू फुटलं ते थांबेना. ताई फसली! न पाहिलेलं न मानणारी ताई! माझा खरा पक्षी मानला नाही आणि मलाच पक्षी मानलं! हे एकदा तिच्या तोंडावर म्हणायला मिळालं तर कप बँकवाल्यांना देईन.

(नंतर) तिच्या फटाकडीवर हरकत घेता येणार नाही. तिची फटाकडी मी, माझी फटाकडी ती. एक गेली की दुसरी गेलीच. दोघी चौऱ्याण्णववर येणार, बँकवाले तिथे आधीच बसलेत, आणि दोघांची बरोबरी असली तर कप वाटून मिळतो, तिघांची झाली की यादी आधी दिली तो जिंकतो. त्यांनी ठोक्याला दिली होती. गप्प राहिले तर मात्र स्टेज, कप, ताई शेजारी. गप्पच राहावं.

५ डिसेंबर

गप्प राहायचं ठरवून झोपले होते. सकाळी पुन्हा ती यादी काढली, मजा म्हणून. यादीत प्रत्येक पक्ष्यासमोर तिघींच्या तीन चौकटी असतात. पाहिला असेल तर टिक, ऐकला असेल तर गोल, काहीच नसेल तर आडवी रेघ.

फटाकडीच्या ओळीत लायब्ररीच्या बाईंचा गोल. ड्रॉइंगच्या बाईंचा गोल, तोही छान छाया देऊन.

ताईची रेघ.

मुंगी चालली तरी हिला ऐकू येते! चाळीस मिनिटं स्वतः शिट्ट्या घालत उभी होती, आणि ऐकला नाही? दोघींचे गोल पुरेसे होते, पक्षी यादीत गेलाच. पण हिने स्वतःची खूण केली नाही.

म्हणजे हिला शंका आली असणार. शंका होती म्हणून रेघ. आणि आमच्या कागदावर माझा गोल बघ! केवढा ठसठशीत! शंभर टक्के खात्री असल्यासारखा.

सकाळपासून लाज वाटतेय. तिने मागच्या वर्षी जे केलं तेच या वर्षीही केलं. माझ्याशी वैर म्हणून नाही, ती तशीच आहे म्हणून. आणि मी वर्षभर तिला काय काय म्हटलं, यांच्यापाशी, डॉक्टरांपाशी, कवळीचं माप द्यायला आलेल्या परक्या लोकांपाशी! ज्यांच्या तोंडात साचा, त्यांना ऐकून घ्यावंच लागतं.

६ डिसेंबर

पत्र दिलं परीक्षकांना. आधी हवालदार आणि डॉक्टरांना सांगितलं. हवालदार म्हणाले, "मी सॅल्यूट केला होता, मॅडम." डॉक्टरांना वेगळीच काळजी. "पलीकडच्यांनी आजारी लिहिलंय ना? एकदा छाती तपासून घ्या."

परीक्षकांनी पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "मॅडम, तुम्ही लिहिलंय, 'तो पक्षी मी होते.' हे रेकॉर्डला कसं घेऊ?"

म्हटलं, घ्या कसंही.

कप बँकवाल्यांना. स्टेज नाही, फोटो नाही, काही नाही. आता ताईला पत्राची नक्कल जाईल आणि तिला कळेल, की ती चाळीस मिनिटं कुणाला शिट्ट्या घालत होती. ती चिडणार. आणखी एक वर्ष.

७ डिसेंबर, रविवार

ताईचा फोन आला! हॅलोसुद्धा नाही.

"कालवफोड्या मला अजूनही मान्य नाही."

म्हटलं, "बरं."

 मग म्हणाली, "पहिल्याच शिट्टीला ओळखलं होतं मी तुला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मग चाळीस मिनिटं काय करत होते मी?"